आधी आजोबांचा दाखला शोधा

पावसाळ्याच्या तोंडाला आमच्या दवाखान्यात ताप, हगवण आणि खोकल्याच्या रुग्णांबरोबर आणखी एका प्रकारची माणसे येऊ लागतात. त्यांना काही झालेले नसते. हातात प्लॅस्टिकची फाईल, तिच्यात झेरॉक्सचा गठ्ठा, आणि बरोबर नुकतीच बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी. रांगेतल्या रुग्णांकडे जरा ओशाळून पाहत वडील एक कागद पुढे सरकवतात आणि म्हणतात, "डाक्टरसाहेब, याना नंबर लागना. इतली सही करी द्या, गाडीना टाईम व्हई ऱ्हायना."

तो कागद म्हणजे वैद्यकीय प्रवेशासाठी लागणारे शारीरिक पात्रतेचे प्रमाणपत्र. मुलाची प्रकृती, दृष्टी, श्रवण तपासले असून तो अभ्यासक्रमास योग्य आहे, असे नोंदणीकृत डॉक्टरने लिहून द्यायचे असते. मी सही करतो, पण तपासल्यावर. त्यावरून दरवर्षी दोन-चार जण नाराज होतात. "घरचाच पोऱ्या आहे, लहानपणापासून तुम्हीच पाहिला," असे ऐकवतात. पाहिला हे खरे. पण लहानपणी सर्दीसाठी पाहिला आणि आज छातीला नळी लावून ऐकले, यात फरक आहे.

काही वर्षांपूर्वी अशीच एक मुलगी सहीसाठी आली होती. ऐकताना हृदयाच्या ठोक्यांबरोबर वेगळा आवाज आला. लहानपणी सांधे सुजून ताप आल्याचे तिच्या आईला मग आठवले. धुळ्याला इको केला, तेव्हा झडपेला संधिवाताच्या तापाने इजा झालेली निघाली. घरचे घाबरले. आता प्रवेश जाईल, ही पहिली भीती. आजाराची भीती नंतर. प्रवेश गेला नाही. झडपेच्या दोषाने कोणी डॉक्टर व्हायला नालायक ठरत नाही. तिला दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन सुरू झाले आणि ती वसतिगृहात गेली, ती ही माहिती बरोबर घेऊन गेली. मी न ऐकता सही केली असती, तर रात्रपाळीत दम लागेपर्यंत हे कोणाला कळले नसते.

या सदरात मी एरवी मधुमेह, कावीळ, सर्पदंश यांवर लिहितो. आज प्रवेशावर लिहितो आहे. त्याचे कारण हा एक कागद नव्हे, त्या फाईलमधले बाकीचे कागद.

बोरीकाठच्या एका खेड्यातले एक गृहस्थ वीस वर्षे माझ्याकडे रक्तदाबासाठी येत. महिन्याला एक फेरी ठरलेली. मीठ कमी केले का, गोळी चुकली का, एवढे आमचे बोलणे. त्यांची मुलगी हुशार. बारावीला असताना एकदा तीही आली होती. डोळ्यांच्या कडा पांढुरक्या, हिमोग्लोबिन आठ. रात्री दोनपर्यंत अभ्यास आणि जेवण चहा-पोळीवर. मी लोहाच्या गोळ्या दिल्या, जेवणावर व्याख्यान दिले आणि पाठवून दिले. पुढे तिला नीट परीक्षेत चांगले गुण मिळाले. तिच्या प्रवर्गातून सरकारी महाविद्यालयात जागा मिळावी इतके. पेढे आले. मग कळले की जातीचे प्रमाणपत्र आहे, पण जात पडताळणी झालेली नाही. अर्ज निकाल लागल्यानंतर केला होता. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावरचे आडनाव आणि वडिलांच्या दाखल्यावरचे आडनाव जुळत नव्हते. समितीने आणखी पुरावा मागितला. पुरावा मिळेपर्यंत कागदपत्रे दाखवण्याची मुदत संपली. तिची गणना खुल्या प्रवर्गात झाली आणि तिथे ते गुण पुरले नाहीत. वैधता प्रमाणपत्र हाती आले ते तीन आठवड्यांनी.

दुसऱ्या वर्षी तिने पुन्हा परीक्षा दिली. गुण आधीपेक्षा कमी आले. असे पुष्कळांचे होते. पहिल्या वर्षाचा जोर दुसऱ्या वर्षी राहत नाही. आज ती परिचारिकेचे शिक्षण घेते आहे आणि चांगली परिचारिका होईल. पण त्या घरी वीस वर्षे माझे जाणे-येणे. मी मिठाची चौकशी शंभर वेळा केली, कागदांची एकदाही नाही. हे मला टोचते, म्हणून हे लिहितो आहे.

आमच्या वेळी काय होते? मी १९८८ साली बारावी झालो. तेव्हा नीट नव्हती, सीईटीही नव्हती. बारावीचे पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राचे गुण हेच सर्वस्व. अर्ज हाताने भरायचा, त्याला डिमांड ड्राफ्ट जोडायचा आणि यादी लागली की एसटीने जाऊन फलकावर बोट फिरवत नाव शोधायचे. जळगाव जिल्ह्यात तेव्हा एमबीबीएसचे एकही महाविद्यालय नव्हते. आपले विद्यापीठसुद्धा पुण्याचेच होते. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० साली झाले. माझेही घोडे एका कागदावरच अडले होते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख एक आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर दुसरी. शाळेतल्या कोणाचा तरी हात चुकला होता. वडिलांनी चार दिवस शाळेच्या पायऱ्या झिजवल्या, तेव्हा दुरुस्ती झाली. आमच्या पिढीतली निम्मी माणसे १ जूनला जन्मलेली आहेत, हे वाचकांना ठाऊक आहेच. गुरुजींनी शाळेत नाव घालताना तीच तारीख टाकली. तेव्हा हसून सोडायचा विषय होता. आता संगणक एका अक्षराचा फरकही सोडत नाही.

नंतर पद्धत बदलत गेली. १९९९ पासून राज्याची सीईटी आली. देशासाठी एकच परीक्षा म्हणून नीट पहिल्यांदा २०१३ साली झाली, त्याच वर्षी जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली, २०१६ साली तो निकाल मागे घेतला आणि २०१७ पासून आपल्याकडचे सगळे प्रवेश तिच्यावर होऊ लागले. मधल्या त्या वर्षांत ज्यांची मुले बारावीला होती, त्यांना विचारा. राज्याचा अभ्यास करायचा की केंद्राचा, हे मे महिना उजाडला तरी ठरत नव्हते. विभागवार सत्तर-तीसचा कोटा २०२० साली रद्द झाला. त्यावर खानदेशात फारशी चर्चा झाली नाही, मराठवाड्यात मात्र बरीच झाली. आपण 'उर्वरित महाराष्ट्र' या नावाच्या गठ्ठ्यात होतो. पुण्या-मुंबईच्या मुलांबरोबर एका पंगतीत बसवून सत्तर टक्के तुमचेच, असे सांगण्यात आपला फायदा किती होता, हा प्रश्नच आहे. असो.

आता परीक्षेचे दोन शब्द, कारण इथेच पहिला गैरसमज आहे. २०२५ च्या नीटमध्ये १८० प्रश्न होते आणि ७२० गुण. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक वजा. खुल्या प्रवर्गाला पन्नास पर्सेंटाईल लागते. अनेक पालक याचा अर्थ पन्नास टक्के गुण असा करतात. तो तसा नाही. पर्सेंटाईल म्हणजे परीक्षेला बसलेल्यांपैकी किती जण तुमच्या मागे आहेत, याचे माप. २०२५ साली खुल्या प्रवर्गाची ही पात्रता रेषा ७२० पैकी १४४ गुणांवर होती. त्या वर्षी बावीस लाखांवर मुले बसली आणि बारा लाखांवर पात्र ठरली. देशातल्या एमबीबीएसच्या जागा सरकारी-खासगी मिळून सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे 'पोरगं नीट पास झालं' या वाक्याने जागा मिळत नाही. १४४ च्या तिप्पट गुण मिळवूनही त्या वर्षी महाराष्ट्रात खुल्या प्रवर्गाच्या मुलाला सरकारी जागा मिळाली नाही. पात्र ठरल्याचा कागद हातात घेऊन जे पालक दलालाच्या खुर्चीसमोर बसतात, त्यांनी हे आकडे आधी वाचावेत.

दुसरा गैरसमज याच्या उलट. नीटचेच गुण धरतात, मग बारावीकडे लक्ष कशाला, असे शिकवणीवालेच सांगतात. बारावीला पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र व जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गाला पन्नास टक्के आणि राखीव प्रवर्गांना चाळीस टक्के लागतात. शिवाय हे विषय आणि इंग्रजी वेगवेगळे उत्तीर्ण व्हावे लागतात. २०२४ साली गुजरातमधल्या एका विद्यार्थिनीची बातमी आली होती. नीटमध्ये सातशेवर गुण आणि बारावीत नापास. ते प्रकरण काय होते, याच्या खोलात मी जात नाही. पण कॉलेजात नाव एकीकडे, मुलगा शिकवणीला दुसरीकडे आणि प्रयोगवही तिसऱ्याने लिहिलेली, हा प्रकार आपल्याकडेही आहे. ज्या गावात प्रताप महाविद्यालयासारखी १९४५ सालची संस्था आहे, त्या गावच्या मुलांनी बेडकाचे हृदय फक्त छापील चित्रात पाहावे, हे मला बरे वाटत नाही. बेडूक कापणे आता बंद झाले आहे, ते ठीकच. पण सूक्ष्मदर्शकाला डोळा तरी लावा.

वयाची अट साधी आहे. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला सतरा वर्षे पूर्ण हवीत. कमाल वयाची मर्यादा २०२२ साली काढून टाकली. त्यामुळे 'ड्रॉप' घेणाऱ्यांची संख्या वाढली, त्याबद्दल पुढे सांगतो.

सुरतेचा विषय मात्र सविस्तर सांगायला हवा. अमळनेर, पारोळा, चोपडा, शिंदखेडा या भागांतली किती तरी कुटुंबे सुरत, उधना, लिंबायतला कामाला आहेत. ताप्तीच्या गाडीने बसले की सकाळी तिकडे. मुले तिथे मराठी किंवा गुजराती शाळेत दहावी होतात आणि मग आजी-आजोबांजवळ राहून अकरावी-बारावी करावी, म्हणून गावी येतात. राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी महाराष्ट्राचा अधिवास तर लागतोच, पण दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातल्या शाळा-महाविद्यालयातून झालेल्या लागतात. काही सरकारी नोकरांच्या मुलांना यात सवलत आहे. मिलमधल्या कामगाराच्या मुलाला नाही. सात-बारा अमळनेर तालुक्यातला, मतदान इथले, कुलदैवत इथले, आणि मुलगा राज्याच्या यादीत नाही! मग उरतात त्या देशपातळीवरच्या १५ टक्के जागा, किंवा गुजरातचे नियम, जे तिथल्या माहितीपुस्तिकेत पाहावेत. माझे मत विचाराल तर हा नियम पोटासाठी स्थलांतर करणाऱ्यांवर अन्याय करतो. अधिवास सिद्ध असेल, तर दहावी कुठे झाली याला इतके महत्त्व नको. पण नियम बदलेपर्यंत तो आहे. मुलगा आठवीत असतानाच सुरतकर पालकांनी ठरवावे.

आता फाईल उघडू या. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, नीटचे प्रवेशपत्र व गुणपत्रिका, आधार हे सगळ्यांजवळ असते. वय, राष्ट्रीयत्व व अधिवासाचे प्रमाणपत्र सेतूतून किंवा आपले सरकार केंद्रातून अर्ज केला की मिळते. खरा घोळ आरक्षणाच्या कागदांत आहे. जातीचे प्रमाणपत्र प्रांत कार्यालयातून निघते आणि ते बहुतेकांकडे असते. वैधता प्रमाणपत्र ही निराळी गोष्ट आहे. ते पडताळणी समिती देते. अनुसूचित जमातींसाठी समिती वेगळी, बाकीच्यांसाठी जिल्ह्याची समिती जळगावला. अकरावी-बारावी विज्ञानाचा विद्यार्थी आपल्या कनिष्ठ महाविद्यालयामार्फत हा अर्ज करू शकतो. निकालाची वाट पाहण्याचे काहीच कारण नाही. तरी नव्वद टक्के लोक वाट पाहतात, हे मी दवाखान्यातल्या गप्पांवरून सांगतो; मोजलेले नाही.

या अर्जाला पुरावा लागतो तो जुना. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीची, वडिलांकडच्या नात्यातल्या माणसाच्या जातीची व वास्तव्याची नोंद. वडिलांचा दाखला बहुधा नंतरचा निघतो. म्हणून आजोबा, चुलत आजोबा, आजोबांची बहीण, जो कोणी शाळेत गेला असेल त्याचा उतारा शोधावा लागतो. कोणी शाळेत गेलेच नसेल, तर तहसीलमध्ये गावची जन्म-मृत्यूची जुनी नोंद, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, ती पाहावी. पूर्व खानदेश जिल्ह्याच्या वेळचे काही कागद मोडीत आहेत. ते वाचून घेणारा माणूस शोधण्यातच आठवडा जातो. ज्यांच्या घरी चुलत्याची किंवा आत्याची वैधता आधी झाली आहे, त्यांचे काम बरेच सोपे होते. म्हणून भाऊबंदकी थोडे दिवस बाजूला ठेवा. एका घरात बांधाच्या भांडणावरून सख्ख्या काकांनी स्वतःचे वैधता प्रमाणपत्र पुतण्याला दिले नाही, हेही मी पाहिले आहे. काकांचा रक्तदाब माझ्याकडेच आहे, म्हणून अधिक लिहीत नाही.

शिक्षणाचा वारसा नसलेल्या घरावरच हा पुराव्याचा बोजा सर्वांत जास्त पडतो, यातली विसंगती कोणाच्या लक्षात येत नाही का? ज्याचे आजोबा शाळेत गेले, त्याला पुरावा सहज मिळतो. ज्याच्या आजोबांना शाळेची पायरी चढू दिली नाही किंवा परवडली नाही, त्याने शाळेचा उतारा कुठून आणायचा? खोटे दाखले घेणारे आहेत आणि त्यांनी खऱ्यांच्या जागा खाल्ल्या आहेत, म्हणून पडताळणी हवी. यात वाद नाही. पण ती अकरावीच्या प्रवेशाबरोबर महाविद्यालयानेच सुरू करून दिली पाहिजे. आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाने सप्टेंबरमध्ये दोन दिवस यासाठी द्यावेत, एवढीच माझी मागणी आहे. कधी कधी शासन मुदतवाढ देते. त्या भरवशावर बसू नये.

नॉन-क्रीमिलेअर त्याच वर्षाचे आणि पुरेसे पुढचे हवे. २०२५ च्या प्रवेशाला ते ३१ मार्च २०२६ पर्यंत वैध असावे लागत होते. आठ लाखांच्या मर्यादेत पगार आणि शेतीचे उत्पन्न मोजत नाहीत, हे माहीत नसल्यामुळे कित्येक शिक्षक आणि शेतकरी अर्जच करत नाहीत. देशपातळीच्या जागांसाठी इतर मागासवर्गीयांचे प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात वेगळे काढावे लागते. राज्याचे तिथे चालत नाही. आणि नीट दिली म्हणजे राज्याचा अर्ज आपोआप झाला, असेही नाही. सीईटी कक्षाकडे वेगळी नोंदणी करावी लागते. या एका अज्ञानापायी मागे एका मुलाचे अख्खे वर्ष गेले.

मुलींच्या पालकांना एक चांगली बातमी. राज्य शासनाच्या ८ जुलै २०२४ च्या निर्णयाने आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरातल्या मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून खासगी महाविद्यालयात प्रवेश मिळाला, तरी ती लागू आहे. अभिमत विद्यापीठात मात्र नाही. "पोरीले इतला पैसा कोण लावई?" हे वाक्य मी पंचवीस वर्षे ऐकतो आहे. आता ते म्हणायला जागा राहिलेली नाही.

प्रकृतीच्या अटींबद्दल अनेकांच्या मनात उगाच भीती असते. चष्मा असला तर चालतो. रंगांधळेपणाने एमबीबीएसचे दार बंद होत नाही. त्रिपुरातल्या दोन विद्यार्थ्यांच्या प्रकरणात २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना प्रवेश देण्यास सांगितले. हा दोष बहुतेक मुलांत दिसतो, मुलींत क्वचित, कारण तो आईकडून येणाऱ्या एक्स गुणसूत्रावर असतो. ठिपक्यांच्या चित्रांची वही माझ्याकडे आहे, दोन मिनिटांत कळते. पुढे कोणती शाखा निवडावी, हे ठरवायला ते माहीत असलेले बरे. अपंगत्वाबाबतही आता नुसत्या टक्क्यावरून कोणाला नाकारता येत नाही. महाराष्ट्रातल्याच एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, हा उमेदवार अभ्यासक्रम पुरा करू शकतो का, हे मंडळाने तपासून पाहिले पाहिजे. त्याचे चाळीसपेक्षा जास्त टक्क्यांचे अपंगत्व वाणीचे होते. त्याला प्रवेश मिळाला.

अटींवरून आठवले. आनंदीबाई जोशी यांनी १८८३ साली पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला पत्र लिहिले, तेव्हा प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण पूर्ण करत नसू, हे त्यांनी आधीच मान्य करून टाकले होते. तरी महाविद्यालयाने त्यांना घेतले आणि १८८६ साली त्या पदवी घेऊन बाहेर पडल्या. आज तसे पत्र सीईटी कक्षाला लिहून पाहा! बावीस लाखांच्या गर्दीत तसे करता येत नाही, हे मलाही कळते. पण त्या पत्रातून महाविद्यालयाला मुलगी दिसली होती. आजच्या फाईलमधून मुलगा दिसतो का? रक्त पाहून त्याला चक्कर येते का, म्हाताऱ्या माणसाशी तो दोन मिनिटे धीराने बोलू शकतो का, हे कुठल्याही रकान्यात विचारलेले नाही.

आणि त्याला स्वतःला जायचे आहे का, हेही. 'ड्रॉप' घेतलेली मुले माझ्याकडे येतात ती आम्लपित्त, डोकेदुखी, झोप न लागणे आणि केस गळणे या तक्रारी घेऊन. लातूर, कोटा, नाशिक, कुठून कुठून सुट्टीला आलेली. आईला बाहेर बसवले की खरे बोलतात. एकाने तिसऱ्या वर्षी मला विचारले, "काका, तुम्हाला नापास झाल्यावर घरी काय म्हणाले होते?" माझ्याकडे त्याला द्यायला उत्तर नव्हते, कारण माझा नंबर पहिल्याच यादीत लागला होता. माझे मत स्पष्ट आहे. एक वर्ष पुन्हा प्रयत्न करणे समजण्यासारखे आहे. दुसऱ्या वर्षी गुण वाढले नाहीत, तर दिशा बदलावी. आयुर्वेद, होमिओपॅथी, दंतवैद्यक यांच्या जागाही नीटवरच भरतात. परिचर्येची सीईटी वेगळी असते. मूल बोलेनासे झाले, रात्र-रात्र जागे राहू लागले, 'मी ओझे आहे' असे म्हणाले, तर ते नाटक समजू नका. टेली-मानसचा १४४१६ हा शासनाचा क्रमांक आहे, तिथे फोन करा किंवा सरळ घेऊन या. अशा वेळी मुलाला दवाखान्यात रांग लावायला लावत नाही.

परदेशाबद्दल थोडक्यात. रशिया, जॉर्जिया, कझाकस्तानला पाठवणाऱ्यांचे फलक आता तालुक्यातही लागले आहेत. तिकडे जायलाही नीट पात्रता लागते आणि परत आल्यावर इथली परीक्षा. जून २०२४ च्या त्या परीक्षेत बसलेल्यांपैकी साधारण पाचातला एक उत्तीर्ण झाला. शेत विकायच्या आधी हा आकडा दलालाला विचारावा आणि त्याचा चेहरा पाहावा.

सरकारी जागा घेतली, तर पुढे एक वर्षाची सक्तीची सेवा आहे. ती नको असेल तर दहा लाख रुपये दंड. हे वर्ष कोणी शिक्षा समजू नये. धुळे, २०१८ पासून जळगाव आणि २०२० पासून नंदुरबार, अशी तीन सरकारी महाविद्यालये आता आपल्या टापूत आहेत. १९८८ साली आम्ही याची कल्पनाही केली नव्हती. सातपुड्याच्या पायथ्याच्या प्राथमिक केंद्रात एक वर्ष काढलेल्या मुलाला सर्पदंश, सिकलसेल आणि अडलेली बाळंतीण कशी असते, ते कळते.

तर यंदा ज्यांची मुले अकरावीला गेली आहेत, त्यांनी या रविवारी घरातले कपाट उघडावे आणि आजोबांचा दाखला सापडतो का पाहावे. नसेल तर सोमवारी त्यांच्या शाळेत जावे. सगळ्या कागदांवर नाव, वडिलांचे नाव, आडनाव आणि जन्मतारीख एकच आहे का, ते एका कोऱ्या पानावर लिहून ताडून पाहावे. नियम दरवर्षी थोडे बदलतात, म्हणून त्या वर्षाची माहितीपुस्तिका मुलाने स्वतः वाचावी, सायबर कॅफेवाल्याच्या तोंडून ऐकू नये.

आणि प्रमाणपत्राच्या सहीसाठी येणार असाल, तर नमुना माहितीपुस्तिकेतलाच छापून आणा. चष्मा असेल तर तो बरोबर हवा. कावीळ 'ब' ची लस घेतली आहे की नाही ते विचारून या. नसेल तर पहिला डोस त्याच दिवशी घेता येईल, दुसरा महिन्याने आणि तिसरा सहाव्या महिन्यात. उपाशी येण्याची गरज नाही. फक्त गाडीच्या वेळेच्या अर्धा तास आधी या, म्हणजे मला तुमच्या मुलाची छाती नीट ऐकता येईल.